आधी फॉर्म, मग शोमरोनी

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपदेश चांगल्या शोमरोन्यावर होता, म्हणजे येशूच्या गोष्टीतल्या त्या परक्यावर, ज्याने वाटेत लुटून जखमी टाकलेल्या माणसाला मदत केली. चाळीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला पावसात भिजलेला एक माणूस आत आला, दुसऱ्या बाकावर जागा दिसली म्हणून माझ्या शेजारी बसला. आमच्या मंडळीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. पुढे जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं आणि त्यातून परक्यांशी व गोरगरिबांशी वागण्याचे काही नियम शिकलो. तुम्हीही शिकून घ्या. कोणीतरी भिजलेला तुमच्याकडेही येईलच.

सर्वांत आधी जागा. सेवेकरी हळूच आला, हसला आणि म्हणाला, "इथे फॅमिली बसते, तुम्ही मागे बसा." याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच प्रसंग लिहून ठेवलाय: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तू तिकडे उभा राहा'. बाकीचं जग ते खडसावणं म्हणून वाचतं. आमच्या स्वागत समितीने ते सूचनापत्रक म्हणून वाचलेलं दिसतं.

दुसरं म्हणजे, जखमी दिसला की आधी चौकशी करा. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी ती वाट सुमारे २७ किलोमीटरची, उतार जवळजवळ १००० मीटरचा, आजूबाजूला ओसाड डोंगर. असल्या वाटेने हा गृहस्थ एकटा निघालाच का? घरी सांगून आला होता का? शोमरोन्याने यातलं काहीच विचारलं नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्र काढली. सकाळी दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. आणि वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे रकमेचा आकडा नाही, पावती नाही! आमच्या खजिनदारांपुढे असा ठराव मांडून बघा.

वचनं पाठ असू द्या, पण अर्धीच. येशूच्या 'दरिद्री तर नेहमी तुमच्याजवळ आहेत' इथे थांबायचं. शुभवर्तमान लिहिणारा मार्क तिथेच पुढे लिहितो की मनात येईल तेव्हा तुम्हाला त्यांचं बरं करता येतं. तिथपर्यंत जायचं नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तर आणखी अडचण आहे: दरिद्री देशातून नाहीसे होणार नाहीत, म्हणूनच आपला हात सैल सोड, असं स्पष्ट सांगितलंय. तसंच 'काम करणार नाही त्याने खाऊ नये' हे म्हणताना 'ज्याची काम करायची इच्छा नाही' यातली इच्छा तेवढी गाळा. ती प्रेषित पौलाने उगाच घातलीय.

अब्राहाम पाहुण्यांना 'थोडीशी भाकर' म्हणाला आणि वासरू कापलं. तुम्ही वासरू जाहीर करा आणि भाकर द्या.

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे खरं, पण डाव्या हातात मोबाईल धरू नका असं कुठे म्हटलंय? फोटोत पाकीट दिसलं पाहिजे, घेणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, बॅनर तर दिसलाच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, फॉर्म. उपासना संपल्यावर त्या माणसाने दारात विचारलं, काही मदत मिळेल का. त्याला फॉर्म दिला. नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, घरात माणसं किती, कमावणारी किती, व्यसन आहे का, याआधी कुठून काय घेतलं, आणि शेवटी मंडळीच्या दोन सभासदांची शिफारस. परक्याने! ज्याला इथे कोणी ओळखत नाही, म्हणूनच जो परका आहे, त्याने ओळखीच्या दोघांच्या सह्या आणायच्या! हे ज्याला सुचलं त्याने बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय कधी उघडला असेल का? परक्यावर स्वतःसारखी प्रीती कर, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. तिथे शिफारस कोणाची आणली होती तुम्ही?

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे, त्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. शेजाऱ्याला कर्ज दिलंत आणि गहाण घ्यायला गेलात, तर त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं. तो स्वतः आणून देईल ते घ्यायचं. माणूस गरीब असेल तर सूर्य मावळताना त्याचं पांघरूण परत करायचं, म्हणजे त्याला ते घेऊन निजता येईल. देणाऱ्याने दाराबाहेर उभं राहायचं, हो, देणाऱ्याने. आणि आपण त्याला दारात उभं करून त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत प्रश्न विचारत जातो.

सरव्याचंही, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं वेचण्याचंही, तसंच. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेल्या पेंढीसाठी मागे फिरायचं नाही. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. बायबलमधली रूथ नावाची विधवा त्या हक्काने आली. शेताचा मालक बवाज, त्यानेही 'ही कोणाची?' असं विचारलं होतं, हे मला कोणीतरी ऐकवेलच. विचारलं ना. मवाबी, म्हणजे मवाब या परक्या देशातली, आहे असं उत्तर आलं. ज्या मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत येऊ द्यायचं नाही असं नियमशास्त्रात लिहिलंय, त्यांतली. मग त्याने काय केलं? तहान लागली तर इथलं पाणी पी, म्हणाला. जेवायला बसवलं. गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम कणसं टाकत जा आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी तिच्याकडे एफाभर, म्हणजे वीसेक लिटर मापाचं सातू होतं. त्या बाईचा पणतू दावीद राजा. आमची छाननी समिती त्या शेतात असती तर रूथचा अर्ज अजून प्रलंबित असता.

पापामुळे नाश झालेल्या सदोम शहराचं नाव घेऊन लोकांना झोडपायला तर फार आवडतं तुम्हाला. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सदोमचे दोष मोजलेत ते वाचा: गर्व, पोटभर अन्न, निवांत आराम, आणि दीनदुबळ्यांना न दिलेला हात. आपल्या कपाटात कपडे मावत नाहीत, तुटलेल्या चेनचं जॅकेट आपण 'सेवेसाठी' काढून ठेवतो आणि वर त्याने धन्यवाद नीट म्हटलं नाही म्हणून रुसतो. लाज वाटू द्या जरा!

दोन सह्यांपैकी एक मी करू शकलो असतो. केली नाही. मी फक्त पेन दिलं, आणि त्याने फॉर्म अर्धवट भरून परत केला तेव्हा पेन तेवढं आठवणीने मागून घेतलं. तो पावसातच निघून गेला. आत चहा चालू होता आणि उपदेश किती हृदयस्पर्शी झाला हे सगळे पाळकसाहेबांना सांगत होते. मीही सांगितलं.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात दाराशी पडलेल्या भिकाऱ्याला नाव आहे, लाजर. आतल्या श्रीमंताला नाव नाही. त्या फॉर्मवरही पहिला रकाना नावाचाच होता आणि तेवढा त्याने भरला होता. फॉर्म कार्यालयात, टेबलावरच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर आहे. फोटो टाकून झाले असतील तर जा आणि वाचा.