श्यामेनचा तो ढीग आणि चीनच्या सायकलींबद्दलच्या थापा

"चीनने सायकली कचऱ्यात फेकल्या आणि महासत्ता झाला!" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. सोबत एक फोटो: मोकळ्या मैदानात हजारो सायकली एकमेकींवर रचलेल्या, वरून टिपलेल्या. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मावसभावाने टाकला आणि त्याच संध्याकाळी काकांचा मला फोन आला, "राहू दे गं ती सायकल. चिन्यांनीसुद्धा सोडली, मी आता या वयात कुठे चालवू?" डॉक्टरांनी बजावल्यावर मोठ्या मुश्किलीने ते तयार झाले होते. एका मेसेजने सगळं मुसळ केरात. म्हणून हे लिहितेय, काकांसाठी आणि ज्यांच्या फोनवर तो येऊन पडलाय त्या सगळ्यांसाठी.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. चिनी लोक गरीब होते म्हणून सायकल चालवायचे. पैसा आल्याबरोबर त्यांनी सायकली फेकून दिल्या, पुरावा म्हणून फोटो. तिथल्या मोठ्या शहरांत सायकलला बंदी आहे. चिनी सायकल म्हणजे नक्कल, तिची कार्बन फ्रेम (म्हणजे कार्बन तंतूंचा हलका सांगाडा) चालता चालता तुटते, तेव्हा युरोपियन कंपनीचीच घ्यावी, त्यांच्यात चिनी माल नसतो. आणि शेवटी, आपल्याकडे सायकल ट्रॅक बांधणं म्हणजे देशाला मागे नेणं.

आधी फोटो घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

तो चीनमधल्या श्यामेन शहरातला आहे, डिसेंबर 2017 मधला. मोठा करून बघा. ढिगात पिवळा, निळा आणि नारिंगी असे मोजकेच रंग दिसतात. पिवळ्या ओफोच्या, निळ्या ब्लूगोगोच्या, नारिंगी चाकांच्या मोबाइकच्या. लोकांनी घरच्या सायकली आणून टाकल्या असत्या तर त्यात काळ्या, लाल, लहान मुलांच्या, गंजक्या, कॅरिअर वाकलेल्या अशा सतराशे साठ तऱ्हा दिसल्या असत्या. इथे सगळा माल कंपन्यांच्या भाड्याच्या सायकलींचा.

झालं होतं काय, तर ओफो ही पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 2014 साली काढलेली कंपनी, आणि मोबाइक 2016 मध्ये शांघायच्या रस्त्यांवर उतरली. मोबाइलने कुलूप उघडायचं, हवं तिथे जायचं, पोचल्यावर सायकल तिथेच सोडायची. लोकांनी ही सोय डोक्यावर घेतली. ते बघून गुंतवणूकदारांनी पैसा ओतला आणि बघता बघता 77 कंपन्या मैदानात आल्या. ज्याच्या सायकली रस्त्यावर जास्त, शहर त्याचं, असा सगळा हिशेब. शहराला सायकली किती लागतात, फुटपाथ किती रुंद आहे, याचा विचार कोणी केला नाही. देशभरात मिळून 2 कोटी 30 लाख सायकली उतरवल्या गेल्या. फुटपाथ अडले, तेव्हा शहर प्रशासनांनी ट्रक लावून त्या उचलल्या आणि मोकळ्या जागांवर नेऊन टाकल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये ब्लूगोगो बुडाली. ओफोने गिऱ्हाइकांकडून आधी 99 आणि मग 199 युआन (चीनचं चलन) अनामत घेतली होती. 2018 संपता संपता ती परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या पुढे गेली होती. लोकांनी सायकल सोडली म्हणून हा ढीग लागला, असं म्हणणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. लोकांना सायकल हवी होती, आणि त्या मागणीवर कंपन्यांनी जुगार खेळला.

बरं, ढीग लागल्यावर तरी लोकांनी भाड्याची सायकल सोडली का? चीनच्या परिवहन मंत्रालयाने 2020 मध्ये दिलेले आकडे असे: 360 हून जास्त शहरांत सुमारे 1 कोटी 94 लाख भाड्याच्या सायकली, आणि रोजच्या फेऱ्या 4 कोटी 57 लाख. म्हणजे सायकलींची संख्या कमी झाली, पण उरलेल्यांतली एकेक सायकल दिवसातून सरासरी दोनदा तरी बाहेर पडत होती. ज्यांची स्वतःची सायकल आहे ते यात धरलेलेच नाहीत. "चीनने सायकल फेकली" म्हणणाऱ्याने बाकी काही बोलण्याआधी या एका आकड्याचं उत्तर द्यावं.

आणि मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. याच श्यामेनने त्याच वर्षी, जानेवारी 2017 मध्ये, फक्त सायकलींसाठी 7.6 किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला केला. वर बीआरटीचा, म्हणजे खास मार्गावरून धावणाऱ्या बसचा पूल, त्याच्या पोटाखाली, पण रस्त्याच्या कितीतरी वर, हा हिरव्या रंगाचा सायकलमार्ग. कोपनहेगनमधला सायकलींचा प्रसिद्ध पूल ज्या डॅनिश वास्तुविशारदांनी केला त्यांनीच हाही आखला. मेसेज बनवणाऱ्याने शहर शोधलं, मैदान शोधलं, फोटो शोधला, आणि हा मार्ग मात्र वगळला. अशा अर्धवट माहितीवर एक आजारी माणूस आपला व्यायाम सोडतो, हे मला सहन होत नाही.

आता जे कबूल करायला हवं ते करते. सायकल कमी झाली, हे खरं आहे. बीजिंगमध्ये 1986 साली, पायी जाणं वगळलं तर, 60 टक्क्यांहून जास्त प्रवास सायकलने व्हायचा. 2010 पर्यंत तो 16 टक्क्यांच्या आसपास आला. शांघायने 2003 च्या अखेरीस मुख्य रस्त्यांवरून सायकली हटवायचं जाहीर केलं होतं, हेही खरं. बंदीच्या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढंच, ठरावीक रस्त्यांपुरतं. पण ही घट झाली कशाने? सायकलींच्या रुंद पट्ट्यांत मोटारी उभ्या राहू लागल्या, शहरं पसरली, घर आणि नोकरी यांतलं अंतर वाढलं, सरकारने मोटार उद्योगाला बळ दिलं. शिवाय असंख्य लोक विजेच्या दुचाकीकडे वळले. अशा दुचाक्या आज चीनमध्ये 30 कोटींहून जास्त आहेत, आणि 2018 च्या मानकात त्यांना ताशी 25 किलोमीटरची वेगमर्यादा होती आणि पायडल सक्तीचं होतं. त्या धावतात सायकलच्याच पट्ट्यातून. पुढे बीजिंगनेच 2019 मध्ये हुइलोंगग्वान या दाट वस्तीपासून शांगदी या आयटी भागापर्यंत 6.5 किलोमीटरचा खास सायकलरस्ता बांधला. हांगझोउने तर 2008 मध्येच सरकारी भाड्याच्या सायकली आणल्या, पहिला तास फुकट. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये झेंगझोउची कॉलेजची मुलं रात्रीच्या रात्री भाड्याच्या सायकलींवर पन्नासेक किलोमीटरवरच्या काइफेंगला रसरशीत सारणाचे वाफवलेले बन खायला निघाली. एका रात्री गर्दी लाखाच्या घरात गेली आणि शेवटी प्रशासनाला रस्ता आवरावा लागला. सायकल टाकून दिलेल्या देशात असं होत नाही.

"गरिबांची सायकल" हा मुद्दा तर दोन वाक्यांत निकालात निघतो. सत्तरच्या दशकात सायकल, शिवणयंत्र, मनगटी घड्याळ आणि रेडिओ या चार वस्तू घरात असणं ही चीनमध्ये प्रतिष्ठेची खूण होती. तिआनजिनची फ्लाइंग पिजन किंवा शांघायची फॉरेव्हर घ्यायला पैशांबरोबर कुपनही लागायचं, आणि ते मिळेपर्यंत ताटकळावं लागायचं.

नक्कल म्हणाल, तर 1950 ची फ्लाइंग पिजन इंग्लिश सायकलीवरूनच घेतलेली: काळा रंग, 28 इंची चाकं, केबलऐवजी दांड्यांचे ब्रेक. आपल्या आजोबांची काळी सायकलही त्याच घराण्यातली, तिला आपण कधी नकली म्हटलं नाही. पण मोबाइकची पहिली सायकल जवळून बघा. चेन नाही, त्याजागी शाफ्ट (फिरणारा दांडा), म्हणजे चेन पडणं नाही. टायरमध्ये हवाच नाही, म्हणजे पंक्चर नाही. कुलपातला जीपीएस पायडल मारताना तयार होणाऱ्या विजेवर चालायचा. वजन 25 किलो, चढावर दम निघायचा, हा दोष मोठाच. पण रस्त्यावर बेवारस उभी राहणारी सायकल महिनोन्महिने दुरुस्तीविना चालावी, या एका गरजेतून ती आखली होती. याला नक्कल म्हणत नाहीत.

कार्बन फ्रेमबद्दल अर्धं खरं आहे. नामांकित इटालियन किंवा अमेरिकन ब्रँडचं स्टिकर लावलेल्या बनावट फ्रेम तिथून ऑनलाइन विकल्या जातात आणि त्या जिवावर बेतू शकतात. त्या घेऊच नका. पण म्हणून सगळा चिनी कार्बन तुटका ठरत नाही. 2025 पासून अस्ताना हा पहिल्या श्रेणीतला व्यावसायिक संघ शेनझेनच्या एक्सडीएस कंपनीच्या सायकलींवर शर्यती करतोय. डोंगर उतरताना ताशी 80 च्या पुढे जाणारे लोक आहेत ते. फ्रेमची आयएसओ 4210 या सायकल-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, हे दुकानदाराला विचारा. काकांना कार्बनची गरजच नाही, साधी स्टीलची पुरे.

"युरोपियन सायकलमध्ये चिनी माल नसतो" हे तर धडधडीत खोटं. जगातल्या निम्म्याहून जास्त सायकली चीनमध्ये बनतात. युरोपने 1993 मध्ये चिनी सायकलींवर 30.6 टक्के जादा शुल्क बसवलं आणि 2005 मध्ये ते 48.5 टक्क्यांवर नेलं, ते काय माल येत नव्हता म्हणून?

राहिला सायकल ट्रॅक. ओफो आणि मोबाइक 2018 मध्ये पुण्यातही आल्या होत्या, पैसा आटला तशा गेल्या. पुण्याचे ट्रॅक वाईट आहेत, मान्य. ब्लॉक उखडलेत, मधेच विजेचा डीपी येतो, बाकी जागेत गाड्या लावलेल्या असतात. ही तक्रार महापालिकेकडे फोटोसकट करा, मी सही करते. पण त्यासाठी श्यामेनचा फोटो वापरू नका. आणि दादा, तू तो ग्रुपवर टाकलास, आता हेही तिथेच टाक.