रिकॉल आलेली गाडी निर्धास्त कशी चालवावी

सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांमधून नेमका तुमच्याच गाडीचा चासी नंबर रिकॉलमध्ये, म्हणजे सदोष पार्ट फुकट बदलायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत, निघालाय. एरवी आपल्याला कुठली लॉटरी लागते?

परवा मला आलेला मेसेज नमुन्यादाखल घ्या. ‘प्रिय ग्राहक, आपल्या लाडक्या वाहनासाठी विशेष तपासणी मोहीम! आजच अपॉइंटमेंट घ्या.’ लगेच खालच्या ओळीत अंडरबॉडी कोटिंगवर वीस टक्के सूट. कुठला पार्ट, तो गेला तर काय होतं, तोवर गाडी चालवायची की लावून ठेवायची, याबद्दल चकार शब्द नाही. तीन फोन झाल्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरचं उत्तर: “विशेष काही नाही सर, रूटीन आहे. पार्ट आला की कळवतो. कोटिंगचं करून टाकू ना पण?”

असे मेसेज तुम्हालाही येत असणार. त्यांचं काय करायचं, याचं हे विनामूल्य मार्गदर्शन.

पहिली गोष्ट म्हणजे ‘दोष’ हा शब्द मनातून काढून टाका. या बाबतीत अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा आदर्श ठेवावा. २००८ साली त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना अहवालात कोणते शब्द लिहू नयेत याचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि त्या यादीत ६९ शब्द होते. ‘डिफेक्ट’ लिहायचं नाही, ‘रचनेनुसार कार्य करत नाही’ असं लिहायचं. ‘प्रॉब्लेम’ नाही, ‘बाब’ किंवा ‘स्थिती’. ‘मृत्यूचा सापळा’ तर अजिबात नाही. आपणही मागे नाही हं. २०१० मध्ये काही नॅनो पेटल्यावर टाटांनी गाड्यांना मोफत जादा संरक्षण बसवून दिलं, पण हा रिकॉल नव्हे हे आवर्जून सांगितलं. २०२३ मध्ये ओलाच्या स्कूटरच्या पुढच्या फोर्कबद्दल तक्रारींचा गदारोळ झाला. मग आला नवा फोर्क, मोफत, आणि त्याचं नाव ‘अपग्रेड’. उद्या जिन्याची पायरी निखळली तर सोसायटीच्या सेक्रेटरीनेही तुम्हाला अपग्रेडच द्यावं.

मेसेज आला की लगेच डिलीट करा. कर्जाच्या ऑफरचे मात्र जपून ठेवा.

किल्लीच्या जुडग्यात काही कमी असेल तर भर घाला. गणपती, नेलकटर, तिजोरीची किल्ली, बाटली उघडायचा ओपनर, ऑफिसच्या लॉकरची किल्ली. जनरल मोटर्सच्या कोबाल्टसारख्या गाड्यांत इग्निशन स्विचच्या आत एक स्प्रिंगवाली बारीकशी खिट्टी होती. किल्ली ‘रन’वर घट्ट धरून ठेवणं एवढंच तिचं काम. ती जरा आखूड आणि स्प्रिंग कमजोर. जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का बसला की किल्ली चालत्या गाडीत ‘ॲक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकला मदत बंद, आणि वर एअरबॅगही बंद. म्हणजे गाडी हातातून जायची आणि आदळताना वाचवणाराही झोपलेला. २००६ मध्ये कंपनीने खिट्टी गुपचूप बदलली, पार्ट नंबर मात्र जुनाच ठेवला. त्यामुळे जुना स्विच आणि नवा स्विच कागदावर एकच, आणि शोध घेणारे वर्षानुवर्षं चक्रावलेले. रिकॉल २०१४ मध्ये. सुमारे २६ लाख गाड्या, आणि नुकसानभरपाईच्या निधीने मान्य केलेले १२४ मृत्यू. दुरुस्तीचा खर्च गाडीमागे ५७ सेंट होता, असं अमेरिकेच्या संसदेतल्या सुनावणीत निघालं. आपल्याकडे एवढ्यात फार तर वडापाव येईल.

इंजिन चालत्या गाडीत बंद पडलं तर तो ध्यानधारणेचा क्षण समजा. होंडाने भारतात जून २०२० मध्ये ६५,६५१ गाड्या इंधनपंपासाठी परत बोलावल्या. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा इंधनपंप, ७७,९५४ गाड्या. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा इंधनपंप, ९२,६७२ गाड्या. पंपाच्या आत प्लॅस्टिकचं छोटं चाक असतं, इम्पेलर. अशा पंपांत ते चाक इंधन शोषून फुगतं, कडेला घासतं आणि अडकतं. पंप थांबला की इंजिन थांबलं. एक्स्प्रेस वेवर शंभरच्या वेगात हे झालं तर ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेकचं पेडल दोन-तीनदाच सहज दबतं, नंतर दगडासारखं. म्हणून पेडल पंप करत बसायचं नाही, एकदाच दाबून धरायचं, चारही इंडिकेटर लावायचे आणि डावीकडे यायचं. किल्ली मात्र काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. (हे चुकून उपयोगाचं लिहिलं गेलं. क्षमस्व.)

पंप आधीच बदलून घेतलात? मग तर तुम्ही सुटलात! फक्त त्या तिसऱ्या खेपेत २,२०४ गाड्या जुन्या मॉडेलच्या होत्या. त्यांत आधी स्पेअर म्हणून बसवलेला पंपच निघाला सदोष. आगीतून फुफाट्यात.

पावसाळ्यात जरूर बाहेर पडा. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. कारण होतं मोटर जनरेटर युनिट, म्हणजे वीज बनवणारा आणि इंजिनला हातभार लावणारा भाग. नवा पार्ट बसवायला सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर काय? तोवर पाणी साचलेल्या भागात गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका. सप्टेंबरात. मुंबईत. हिंदमाताला राहणाऱ्याने गाडी गच्चीवर ठेवायची होती बहुतेक.

स्कूटर पेटली तर व्हिडिओ काढा. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगावात ओलाची एक पेटली, त्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. मग त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासायला बोलावल्या गेल्या.

आता एअरबॅग. ही टीप जरा सावकाश वाचा.

ताकाता नावाच्या जपानी कंपनीचे इन्फ्लेटर तुमच्या गाडीत असतील तर काहीही करू नका. स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्नच्या मागे, एक लोखंडी डबी असते. तिच्यात अमोनियम नायट्रेटच्या वड्या. टक्कर झाली की त्या पेटतात, वायू होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. अमोनियम नायट्रेट स्वस्त पडतं, म्हणून ते घेतलं. पण ते ओलावा शोषतं. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, हवेत दमटपणा, असं वर्षानुवर्षं चाललं की वड्या भुसभुशीत होतात, त्यांना चिरा जातात. पेटायला जागा जास्त मिळते, एकदम भडका उडतो, डब्यातला दाब वाढतो आणि लोखंडी डबाच फुटतो. त्याचे तुकडे पिशवी फाडून समोर येतात. समोर कोण असतं? तुमची मान आणि चेहरा. किरकोळ धडकेतही हे झालंय, जिथे बंपरला पोचा पडून विषय मिटायला हवा होता. जगभरात तीसहून जास्त माणसं या डब्याने मारली. एकट्या अमेरिकेत ६.७ कोटी इन्फ्लेटर रिकॉलमध्ये आले. कंपनीने चाचण्यांचे आकडे फिरवल्याचं २०१७ मध्ये कबूल केलं, एक अब्ज डॉलरचा दंड झाला आणि त्याच वर्षी दिवाळं काढलं.

अमेरिकेने आधी कुठल्या गाड्या बदलायला घेतल्या? फ्लोरिडासारख्या उष्ण आणि दमट राज्यांतल्या. आता रत्नागिरीचा मे महिना आठवा. पणजी आठवा, मुंबईचा ऑक्टोबर आठवा, उन्हात काचा बंद करून दिवसभर उभी असलेली गाडी आठवा. होंडाने भारतात जानेवारी २०१७ मध्ये २०१२ च्या ४१,५८० गाड्या बोलावल्या, पुढच्या जानेवारीत आणखी २२,८३४. त्या वर्षांतल्या सिटी आणि जॅझ आज कुठे आहेत? पहिल्या मालकाकडे तर नक्कीच नाहीत. एक सांगलीला, एक म्हापशाला, तिसरी कुणा विद्यार्थ्याकडे, तिचा तिसरा मालक. पत्र गेलं पहिल्या मालकाच्या जुन्या फ्लॅटवर. मेसेज त्याच्या बंद झालेल्या नंबरवर.

आणि आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सरकार सक्तीने गाड्या परत बोलावू शकतं, दुरुस्त करून द्यायला, बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला लावू शकतं. फार चांगलं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. कोणत्या गाड्यांना? सात वर्षांच्या आतल्या. सात! ज्या डब्याचा धोका दरवर्षी वाढत जातो, त्याच्या बाबतीत छत्री सातव्या वर्षी बंद. गाडी पंधरा वर्षं चालवायला आरटीओ नोंदणी देतो, पण आठव्या वर्षीच्या गाडीतला माणूस या नियमाला दिसत नाही. दंड किती? दहा लाख ते एक कोटी. एक कोटीत बड्या कंपनीच्या एका जाहिरातीतला नटही येत नसेल. आणि हे सगळं कधी सुरू होणार, तर विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येने मालकांनी तक्रारी केल्यावर, चाचणी संस्थेने अहवाल दिल्यावर किंवा सरकारला दुसरीकडून दोष कळल्यावर. म्हणजे बहुतेकदा आधी पुरेशा लोकांच्या गाड्या बिघडायला हव्यात. पीयूसी संपली तर विमावाला एकेकाळी अडवून धरायचा, पण स्टिअरिंगमध्ये फुटका डबा घेऊन फिरणाऱ्याला ‘रिकॉलचं काम झालं का’ असं ना विमावाला विचारत, ना आरटीओ, ना टोलनाका. यात उपरोध कुठून आणायचा? उरलाच नाही.

गाडी विकायची असेल तर रिकॉलचं काम न करताच विका. घेणारा फक्त टायर आणि काचा बघतो.

नाही, हे वाक्य खोडतो. हे थट्टेतही लिहायला नको होतं. पुढच्या माणसाच्या गळ्याशी फुटणारा डबा तुम्ही त्याला पैसे घेऊन विकताय, सोबत पॉलिशही मारून. आणि घेणाऱ्या शहाण्या, तू साउंड सिस्टिम वाजवून बघतोस, एसी गार आहे का बघतोस, गाडीला लिंबू-मिरची बांधतोस, पण चासी नंबर टाकून एकदा तपासत नाहीस?

कंपन्यांना नीट लिहिता येत नाही असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरबद्दल सरळ सांगितलं: टक्कर झाली तर क्वचित प्रसंगी एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर काम करणार नाहीत, पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका. कुठला पार्ट, काय होईल, तोवर काय करायचं. तीन गोष्टी, दोन वाक्यं. हे जमतं! मग बाकीच्यांना ‘विशेष तपासणी मोहीम’ लिहायला लाज कशी वाटत नाही? माणसाला गाडीत काय आहे ते सांगायचं नाही आणि कोटिंग विकायचं? ग्राहक आहे तो, गिऱ्हाईक म्हणून कापायचा बकरा नव्हे.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. चहाला जेवढा वेळ घालवता त्यातला पाव भाग द्या. आरसी काढा. चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं तर ते शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक. तो कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका. नंबर प्लेटवरून विचारू नका, रिकॉल चासी नंबरवर चालतो. गाडी सेकंडहँड असेल तर आरसीशी तुमचा मोबाइल नंबर जोडून घ्या आणि सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतही बदला, नाहीतर पुढचा मेसेजही जुन्या मालकालाच जाईल. पार्ट आला नाही म्हणाले तर तारीख लेखी मागा, मेलवर, आणि गाडी तोवर चालवायची का हेही लेखीच मागा. तोंडी ‘रूटीन’ चालणार नाही. ताकाताचा डबा असेल तर गल्लीतल्या मेकॅनिकला स्टिअरिंगचं झाकण उघडू देऊ नका, तो फुटला तर त्याच्या तोंडावर फुटेल.

काम झालं की जॉब कार्डवर मोहिमेचा नंबर आणि बदललेल्या पार्टचा नंबर छापून घ्या आणि तो कागद आरसीसोबत ठेवा. रिकॉलचं काम फुकट असतं. लेबर फुकट, पार्ट फुकट. बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून साडेतीनशे लावले असतील तर सही करू नका, मॅनेजरला बोलवा. आणि तो कोटिंगचं विचारेल, त्याला नाही म्हणा.