143 ओळींचा प्रोग्राम 'फार लहान' म्हणून परत आला

मुक्त सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहू, वापरू, बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरसाठी, इंटरनेटवर जागा देणाऱ्या एका होस्टिंग सेवेकडे मी माझा प्रोग्राम पाठवला होता. काल उत्तर आलं: प्रकल्प फारच लहान आहे. लायसन्सबद्दल अवाक्षर नाही, कोडमधली एक चूक दाखवली नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं.

आता तो प्रोग्राम काय करतो ते सांगतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापूस नेला की ओल मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावातून 1 टक्का कपात, 12 च्या वर गेली तर माल घेत नाहीत. लांब धाग्याला 2025-26 चा भाव क्विंटलला 8110 रुपये. ओल 11 निघाली की क्विंटलमागे 243 रुपये 30 पैसे गेले. 18 क्विंटलच्या गाडीवर 4379 रुपये. हा हिशेब कास्तकाराला जिनिंगच्या फाटकाबाहेर, रांगेत उभ्या ट्रॅक्टरवर बसून करावा लागतो. आमच्या घाटंजी तालुक्यातले एक काकाजी मला म्हणाले होते, "आज इकू का घरी नेऊन वाळवू, थे सांग बापू." तेवढ्यासाठी लिहिलं.

मित्र म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना. टाकलं होतं! फाइल गावोगाव फिरली, कुणी काही बदललं, कुणी काही. यंदा शेजारच्या गावातल्या एका पोराच्या मोबाईलवर भाव दिसला 7521, म्हणजे 2024-25 चा. क्विंटलमागे 589 रुपयांची चूक, आणि ती माझ्या नावावर फिरते आहे. म्हणून मला एक ठरलेली जागा हवी, जिथे ताजी फाइल कोणती हे दिसेल आणि चूक सापडली तर कळवता येईल. लहान कामाला तर ती जास्तच लागते, कारण त्याच्यामागे ना कंपनी असते ना वेबसाइट.

ओळी मोजून किंमत ठरवणाऱ्यांनी 2016 चं लेफ्ट-पॅड आठवावं. 11 ओळींचा तो कोड एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टचे तयार कोड जिथे ठेवतात तिथून, काढला गेला आणि जगभर लोकांचे त्यावर टेकलेले प्रोजेक्ट तयारच होईनात. लिनक्सची घोषणा करताना 1991 मध्ये ती लिहिणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सनी तो फक्त छंद आहे असंच लिहिलं होतं.

जागा चालवणाऱ्यांची अडचण मला कळते. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सव्हाना नावाच्या होस्टिंग जागेवर नवा प्रकल्प स्वयंसेवक तपासतात, प्रत्येक फाइलवर लायसन्स आहे का ते पाहतात. त्यांचा वेळ मोलाचा आहे. मग लायसन्स कडक तपासा, अर्धवट काम परत करा, वापरायचं कसं हे लिहिलं नसेल तर लिहायला लावा. पण पूर्ण झालेलं, चालणारं काम आकाराने लहान आहे म्हणून नाकारू नका. 143 ओळी तपासायला लागतो तरी किती वेळ?

मी आज पुन्हा अर्ज टाकला. लायसन्स मुक्त सॉफ्टवेअरचं जीपीएल, माहिती मराठीत. कोड वाढवला नाही, 143 ओळीच आहेत.