एकाच पॅकेजमधल्या चिप आपोआप एका तालात चालत नाहीत

नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या आणि सातपूर-अंबडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: आता सगळ्या चिप एकाच पॅकेजमध्ये (एकाच आवरणात) शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे सिंक्रोनायझेशनची (ताल जुळवण्याची) कटकट संपली, एकच क्लॉक (ठरावीक ठेक्याने चढणारा-उतरणारा सिग्नल) सगळ्यांना वाटा, उरलंसुरलं पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, म्हणजे क्लॉक रेफरन्सशी जुळवणारं सर्किट) बघून घेईल, अगदीच अडलं तर दोन फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट टिपून ठेवणारी सर्किटं) लावा. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीत हे कुणी पाठ करून जाऊ नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'अंतर मिलिमीटरचं, म्हणजे उशीर शून्य.' सबस्ट्रेटवरच्या (चिप ज्या पाटीवर बसतात तिच्यावरच्या) तारेत सिग्नल प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने जातो. म्हणजे दर मिलिमीटरला सहा-सात पिकोसेकंद. तारेवरून सेकंदाला १६ गिगाबिट जात असतील, तर एका बिटच्या वाट्याला ६२.५ पिकोसेकंद येतात. दहा मिलिमीटर गेलात की जवळजवळ अख्खा बिट मागे. एक तार शेजारणीपेक्षा मिलिमीटरभर लांब राहिली, तरी बिटचा दहावा हिस्सा गेला. ३२ गिगाबिटला पाचवा. सेटअप, होल्ड (ठोक्याच्या आधी आणि नंतर डेटा स्थिर राहायला लागणारा वेळ) आणि जिटर (ठोक्याचं किंचित मागेपुढे होणं) यांचंही उरलेल्यातच भागवायचं.

'एकच क्लॉक, म्हणून सगळ्या चिप एकाच क्षणी चालतात.' मेसेजमध्ये घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची उपमा आहे. चटपटीत आहे, पण फसवी. क्लॉक पिनवर पोचला म्हणजे फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोचला असं नव्हे. मध्ये बफरांची (सिग्नल पुढे ढकलणाऱ्या सर्किटांची) सगळी उतरंड असते. कॉलेजच्या लॅबमध्ये एफपीजीएचा (हवं ते सर्किट आत भरता येणाऱ्या चिपचा) बोर्ड घ्या, पीएलएल न वापरता क्लॉक आत घेऊन दुसऱ्या पिनवरून बाहेर काढा आणि ऑसिलोस्कोपचे दोन प्रोब दोन्हीकडे लावा. दोन कडांमध्ये (सिग्नल चढतो-उतरतो त्या क्षणांमध्ये) काही नॅनोसेकंदांचं अंतर उघड दिसेल. हा उशीर प्रत्येक चिपचा वेगळा, आणि तापमान व व्होल्टेजबरोबर सरकणारा. बाहेरच्या तारा कितीही काटेकोर समान ठेवा, त्याला फरक पडत नाही.

'पीएलएल आहे ना!' आहे, आणि तो आपल्याच चिपमधला उशीर आपल्या रेफरन्सशी जुळवून घेतो. शेजारच्या चिपमध्ये काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. दोन पीएलएलचा जिटर एकमेकांशी सल्लामसलत करून येत नाही.

म्हणूनच वेगवान दुव्यांमध्ये डेटासोबत क्लॉकही पाठवतात. चिपलेट (एकाच पॅकेजमधल्या छोट्या चिप) जोडण्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या यूसीआयई मानकात डेटाच्या तारांबरोबर क्लॉकची जोडी जाते. दोघांना जवळपास सारखाच रस्ता मिळाला की एकूण उशीर किती, हा प्रश्न गौण होतो. महत्त्वाचा ठरतो तो फक्त दोघांमधला फरक. तोही उरतोच. त्यासाठी लिंक सुरू होताना ट्रेनिंग चालतं: ठरलेला पॅटर्न पाठवायचा, क्लॉकची कड थोडी थोडी सरकवत चुका कुठे सुरू होतात आणि कुठे थांबतात ते बघायचं, आणि मधोमध थांबायचं. पॅकेज एक झालं म्हणून हे काम टळलेलं नाही.

'दोन फ्लिप-फ्लॉप लावले की झालं.' एका बिटपुरतं ठीक; मेटास्टेबिलिटी (ऐन ठोक्याला बिट बदलला की फ्लिप-फ्लॉप ० आणि १ च्या मध्ये अडकतो ती अवस्था) निवळायला वेळ मिळतो. पण अख्खी बस (एकत्र जाणाऱ्या अनेक बिटांच्या तारा) अशी एका क्लॉककडून दुसऱ्याकडे नेली तर काही बिट या सायकलला पोचतात, काही पुढच्या. चार बिटांचा काउंटर ७ वरून ८ वर जाताना ०१११ चं १००० होतं, चारही बिट एकदम बदलतात. ऐन बदलाच्या क्षणी पलीकडच्याने वाचलं तर ० ते १५ पैकी काहीही हाती लागू शकतं. ग्रे कोडमध्ये (लागोपाठच्या आकड्यांत एकच बिट बदलेल अशा लिहिण्याच्या पद्धतीत) तेच ०१०० चं ११०० होतं. एकच बिट बदलतो, त्यामुळे वाचणाऱ्याला ७ तरी मिळेल किंवा ८ तरी. दोन क्लॉकांमधल्या फिफोचे (आधी आलेलं आधी बाहेर देणाऱ्या रांगेचे) पॉइंटर, म्हणजे कुठे लिहायचं-वाचायचं ते सांगणारे आकडे, म्हणून ग्रे कोडमध्येच पलीकडे नेतात. डेटा मात्र मेमरीत जागच्या जागी थांबतो आणि पॉइंटर पोचल्यावरच वाचला जातो.