दलदलीत वणवा? जॉगिन्सच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कॅनडातल्या जॉगिन्सच्या समुद्रकड्यांतल्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या किनारी जंगलातल्या वणव्यांचे पुरावे आहेत, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. आक्षेप तीन आहेत. समुद्रकाठचं दलदलीतलं जंगल पेटेलच कसं? खडकातलं काळं ते सगळं दगडी कोळसाच, त्याला 'वणव्याचा पुरावा' म्हणणं ओढूनताणून नाही का? आणि जळका तुकडा मिळालाच, तर तो डोंगरातून नदीने आणला नसेल कशावरून? तिसरा सगळ्यात वजनदार आहे, तो शेवटी घेतो.

काळ्यातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. दगडी कोळसा होताना लाकूड दाबलं जातं, पेशी चपट्या होतात. आगीत लोणारी कोळसा झालेलं लाकूड भाराने मोडेल, पण सहसा चेपणार नाही. ३१ कोटी वर्षांनीही त्यातल्या पेशींच्या पोकळ्या शाबूत दिसतात. शिवाय लाकूड साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापलं की शेजारच्या पेशींच्या भिंतींमधला सांधा नाहीसा होतो आणि दोन्ही भिंती एकजीव दिसतात. नुसत्या कुजण्याने असं होत नाही. दगडी कोळशातल्या अशा रेशमी चकाकीच्या, बोटं काळी करणाऱ्या पट्ट्यांना 'फ्युसेन' हे नाव १९१९ मध्ये पुरावनस्पतिशास्त्रज्ञ मेरी स्टोप्स यांनी रूढ केलं. (हो, त्याच स्टोप्सबाई. १९२१ मध्ये त्यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र काढलं आणि र. धों. कर्व्यांनी मुंबईत काढलं तेही त्याच वर्षी.) फ्युसेन कुजून होतो की जळून, यावर तज्ज्ञ शंभरेक वर्षं भांडले, तेव्हा तुमची शंका चांगल्या घराण्यातली आहे.

ओलाव्याचं म्हणाल, तर अमेरिकेतली ओकेफेनोकी दलदल २००७ आणि २०११ मध्ये मोठ्या वणव्यांत होरपळली. पाऊस ओढ देतो, वरचा पालापाचोळा वाळतो, वीज पडते. माणूस लागत नाही. त्यात आज हवेत प्राणवायू २१ टक्के आहे, तर कार्बॉनिफेरस काळाच्या, म्हणजे ही जंगलं होती त्या काळाच्या, उत्तरार्धात तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा असं अनेक गणिती प्रारूपं सांगतात. तेवढ्या प्राणवायूत ओलसर सरपणही पेट घेतं.

आता नदी. जॉगिन्सचे कडे कॅनडात, नोव्हा स्कोशियात, फंडीच्या उपसागराकाठी आहेत. तिथली प्रचंड भरती-ओहोटी कडे झिजवत राहते आणि उभेच्या उभे गाडले गेलेले बुंधे उघडे पडतात. तिथल्या जुन्या नदीपात्रांच्या वालुकाश्मात कॉर्डाइटीस या सूचिपर्णी वृक्षांच्या जुन्या, नामशेष नातेवाइकांच्या गटातल्या झाडांचा लोणारी कोळसा मिळतो. तो वरच्या कोरड्या भागातून वाहत आला असणार, हे भूशास्त्रज्ञही म्हणतात. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं लागू पडतं.

पण मग दगडी कोळशाच्या थरातल्या फ्युसेनचं काय? तो थर म्हणजे जागच्या जागी साचलेलं पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पुराच्या पाण्याने जळके तुकडे आणले असते तर सोबत चिखल आणि वाळूही आली असती. जिथे फ्युसेनच्या पट्टीबरोबर गाळ नाही, तिथे ती पट्टी पुराच्या माथी मारता येत नाही. तिथे पीटच, नाहीतर त्याच्या अगदी शेजारचं रान जळालं असं मी मानतो.

ते उभे बुंधे आतून पोकळ कसे झाले, याबद्दल मात्र वाद उघडा आहे. १८५२ मध्ये लायेल आणि डॉसन या भूशास्त्रज्ञांना अशाच एका बुंध्यात चतुष्पाद प्राण्याची हाडं सापडली. पुढे डॉसनने बुंध्यांतूनच 'हायलोनोमस' हा सर्वांत जुन्या सरीसृपांपैकी एक शोधला. त्याचं मत होतं की झाड आतून कुजलं, भोवती गाळ साचला आणि प्राणी त्या खड्ड्यात पडले. अलीकडे पुराजीवशास्त्रज्ञ ह्यू फाल्कन-लँग यांनी वेगळी शक्यता मांडली: आगीने बुंधा पोखरला आणि प्राणी आसऱ्याला आत शिरले. बुंध्यांत लोणारी कोळसाही मिळतो, म्हणून माझा कल या दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तो कोळसा नंतर आत वाहून आला असेल असं तुम्ही म्हणालात तर मी हटून बसणार नाही.

भारतातलं उदाहरण का नाही, असंही विचारलंत. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या पर्मियन (कार्बॉनिफेरसनंतरच्या काळातल्या) थरांतून असा लोणारी कोळसा नोंदला गेलेला आहे. पण ते रान समुद्रकाठचं नव्हे, नदीखोऱ्यातलं, आणि लेख किनाऱ्याबद्दल होता.