गरिबी हे निमित्त नाही, ती हजेरीपत्रकात दिसते

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे पाच-सहा वेळा आला. एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर, एकदा डी.एड.च्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर, एकदा तर गावातल्याच एका पालकाकडून. थोडक्यात तो असा: सरकारी शाळेत पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, जेवण फुकट, गुरुजींना लाखभर पगार, तरी पाचवीच्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही. शेजारच्या खासगी शाळेतली मॅडम सात-आठ हजारांत मुलांना पुढे नेते. गरिबी हे शिक्षकांनी शोधलेलं निमित्त आहे. बाबासाहेब दिव्याच्या उजेडात शिकलेच ना? तेव्हा या शाळा बंद करा आणि तो पैसा पालकांच्या हातात द्या.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांवर बरीच वर्षं शिकवलं. हा मजकूर पुढे ढकलणारे माझेच लोक आहेत, त्यातले निम्मे अशाच शाळांतून शिकून वर आले. त्यांचा राग मला कळतो. पण मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर ज्यांचं नुकसान होईल ती मुलं मी रोज समोर बसवलेली आहेत.

‘सगळं फुकट आहे, मग गरिबी आड येते कुठे?’ इथूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

गरिबी आड येते ती दिवसांत, आणि ते दिवस हजेरीपत्रकात मोजता येतात. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला नवरा-बायकोची जोडी साखर कारखान्यावर जाते. त्या जोडीलाच आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. गाळप हंगाम संपून माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. ज्या घरी मागे आजी नाही, त्या घरातलं पोर आईबापाबरोबरच जातं. जूनमध्ये वर्गात आलेलं मूल नोव्हेंबरात जातं आणि परीक्षेच्या तोंडावर येतं. दरवर्षी साधारण पाच महिने. पहिली ते चौथी अशी चार वर्षं त्याचं नाव पटावर असतं, पण त्याला शाळा मिळते दोन-सव्वादोन वर्षांची. मग पाचवीत त्याला दुसरीचा धडा वाचता येत नाही, यात न कळण्यासारखं काय आहे? त्याची खरी शाळा दुसरीपर्यंतच झालेली असते.

मूल गाव सोडताना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. कार्ड चांगलं आहे. पण फडावरची, म्हणजे ऊस तोडणारी, माणसं पहाटे अंधारात निघतात. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तान्हं मूल असतं, बैलांना वाढे म्हणजे उसाचे शेंडे टाकायचे असतात, पाणी भरायचं असतं. ही कामं नऊ-दहा वर्षांच्या मुलीवर येतात. ती घरी राहिली तर आईला दिवसभर मोळ्या बांधता येतात, म्हणजे त्या मुलीच्या शाळेची किंमत घरच्यांना रोज मोजावी लागते. राज्याने १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, तो दिवसाला एक रुपया. पुढची कितीतरी वर्षं तो एक रुपयाच राहिला. पुस्तक फुकट मिळालं, हे खरं. त्या मुलीचा दिवस मात्र कुणी विकत घेतला नाही.

याच मुली पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्गातून कायमच्या जातात. उचल जोडीला मिळते, आणि वयात आलेल्या मुलीला मागे एकटी कुठे ठेवायची हा आईचा घोर खरा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. ‘सातवीनंतर गळती’ असा शेरा शाळेच्या खात्यावर पडतो. तो पडतो, तेव्हा मुलगी हळदीला बसलेली असते.

आणि जेवण. खिचडीची टिंगल मजकुरात सर्वांत जास्त आहे. त्याच पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि सहा महिन्यांवरच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. ही मुलं पहिलीत येतात तेव्हा शाळेने त्यांना अजून एक अक्षरही शिकवलेलं नसतं, आणि ती मागे असतात. शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: सोमवारी सकाळी पहिल्या दोन तासांत वर्गातली काही मुलं फळ्याकडे बघत असतात, पण त्यांना तो दिसत नसतो. खिचडी झाल्यावर तीच मुलं हात वर करतात. देशभरातल्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना प्राथमिकची पाचही वर्षं माध्यान्ह भोजन मिळालं, त्यांचे वाचनाचे गुण एक वर्षाहून कमी काळ ते मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले. शिक्षक बदलला नव्हता, जेवण वाढलं होतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये या आहारात अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद झाला. अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या, असं सांगितलं गेलं. ज्या वाडीतली अर्धी माणसं फडावर गेलेली आहेत, तिथे लोकसहभाग कुणाचा घ्यायचा?

‘खासगीतली मुलं पुढे आहेत.’ हा मुद्दा वरवर खरा आहे. मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला, खासगीत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं. पण खासगीत जातं कोण? ज्याच्या बापाला फी परवडते, ज्याची आई वही उघडून बघते, जे वर्षभर एकाच गावात राहतं ते. पेरायच्या आधीच निवडलेलं बी एका वाफ्यात आणि उरलेलं दुसऱ्यात टाकायचं, आणि मग माळ्याला नावं ठेवायची, असं हे आहे.

याची खरी परीक्षा तेव्हा शेजारी असलेल्या अविभाजित आंध्र प्रदेशात झाली. २००८ पासून चार वर्षं, पाच जिल्ह्यांतल्या १८० गावांत, सरकारी शाळेतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून खासगी शाळेचं शुल्क देऊ केलं गेलं. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची नाही, ती सगळी एकाच थरातली मुलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चार वर्षांनी गुण तपासले, तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. हिंदीत खासगीतली मुलं स्पष्ट पुढे होती, पण हिंदी तिथल्या बहुतेक सरकारी शाळांत शिकवलीच जात नव्हती. मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूची गोष्टही त्यात आहे, ती लपवत नाही: खासगी शाळांनी हे सरकारीच्या सुमारे एकतृतीयांश खर्चात आणि भाषा-गणिताला कमी वेळ देऊन केलं. सरकारी व्यवस्थेला हा प्रश्न विचारायलाच हवा. पण हा खर्च कमी राहतो तो मुख्यतः कमी पगारामुळे. डी.एड. झालेल्या मुलीला सात-आठ हजारांत राबवून वाचवलेल्या पैशाला मी काटकसर म्हणणार नाही. आणि गरीब मूल खासगीत नेलं की झेप घेतं, हा मजकुराचा मुख्य दावा मात्र तिथे टिकला नाही.

आता बाबासाहेब. या वाक्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण ते बाबासाहेबांच्या नावाने त्यांच्याच म्हणण्याच्या उलट बोलतं.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोनला उठून त्यांनी अभ्यास केला, हे खरंच आहे. पण त्यांना उठवायला वडील जागे राहत. रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले, पुस्तकांसाठी लेकींकडून उसने पैसे आणणारे. मुलगा शिकला तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, आणि ती सरकारी शाळा होती. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांना ओळखणारे शिक्षक आणि लेखक केळुसकर गुरुजी मदतीला धावले. कॉलेजसाठी सयाजीराव गायकवाडांनी महिना २५ रुपये दिले, १९१३ मध्ये कोलंबियाला जाताना तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. पुढे लंडनच्या वेळी शाहू महाराजांचा हात होता. अफाट बुद्धी, अफाट कष्ट, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी भरलेला पैसा. तो नसता तर ती बुद्धीही चाळीतच राहिली असती, जशा त्या काळी कितीतरी राहिल्या.

बाबासाहेबांनी स्वतः याचा निष्कर्ष काय काढला? १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी हिशेब मांडला, की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा. ‘मी शिकलो, तुम्हीही शिका’ असं त्यांनी कुणाला सुनावलं नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी ज्यांनी गरिबाघरच्या मुलाला शाळेत आणलं, त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगाला सांगितलं की शेतकऱ्याची मुलं गुरं राखायला आणि शेताला लागतात, त्यांना आणायचं तर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं, पण त्याच्या आधी सोळा वर्षं त्यांनी वसतिगृहं उघडायला सुरुवात केली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं ते वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी. आधी भाकरी आणि राहायला जागा, मग पाटी. हा क्रम त्यांनी उगाच लावला नव्हता.

पगाराचं थोडक्यात सांगतो. लाखाच्या घरातला पगार नोकरीच्या उत्तरार्धात येतो. नवा शिक्षणसेवक तीन वर्षं १६ हजारांवर असतो, आणि २०२३ पर्यंत हा आकडा ६ हजार होता. दोन शिक्षकांनी चार वर्ग एकाच वेळी शिकवायचे, त्यात मतदार यादी, ऑनलाइन माहिती आणि खिचडीचा हिशेब. तरीही कामचुकार शिक्षक आहेत, हे मला मान्य आहे. तालुक्याला राहून दुपारी शाळेत उगवणारे माझे सहकारी मी पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे मुलांचं जे गेलं त्याला गरिबी जबाबदार नाही, ते जबाबदार आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण त्यांच्यासाठी शाळा बंद केली, तर शिक्षा मुलांना होते.

मजकुराच्या एका प्रतीत खाली जोड होती: परितेवाडीच्या डिसले सरांना जमलं, जालिंदरनगरच्या शाळेला जमलं, मग बाकीच्यांना का नाही? या दोन्हींचं मला मनापासून कौतुक आहे. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज आणि २०२५ चा जागतिक शाळा पुरस्कार मिळवणाऱ्या या जिल्हा परिषदेच्याच शाळा आहेत, म्हणजे ‘बंद करा’ म्हणणाऱ्याने त्यांचं उदाहरण द्यायचं कारण नाही. शिवाय अशी शाळा उभी राहते तेव्हा मागे गाव उभं असतं. आमच्याकडे नोव्हेंबरात गावच जागेवर नसतं.

राहिला ‘पैसा पालकांच्या हातात द्या’ हा उपाय. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळांची माहिती मागवून समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, प्रस्ताव पुढे आला. या शाळा आहेत वाड्यांवर, तांड्यांवर, डोंगरातल्या पाड्यांवर. तिथे पालकाच्या हातात पैसा दिला, तरी तो घेऊन जायला दुसरी शाळा नाही. आणि जिथे खासगी शाळा आहेत, तिथे गरीब मुलांना २५ टक्के प्रवेशाची सोय शिक्षण हक्क कायद्यानेच आहे, त्याचे पैसे सरकारने भरायचे आहेत. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली गेली. पालक न्यायालयात गेले, तेव्हा जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मुठीएवढ्या जागांचा हा अनुभव असताना सगळ्याच मुलांची फी सरकार वेळेवर भरेल, हा विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

एक शेवटचं, माझ्या वर्गातलं. आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. म्हणजे मूल गावात आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण त्याला शाळेत मिळतं. एका वर्षी त्याची मंजुरी आली जानेवारीत. तोवर टोळ्या जाऊन दोन महिने झाले होते, तिसरीच्या वर्गात बोटांवर मोजण्याइतकी मुलं होती. पुढच्या वर्षी सरपंच आणि आम्ही दोघा शिक्षकांनी पाठपुरावा केला, आणि दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यातच चूल पेटली. मुकादमाची गाडी आली तेव्हा आया पोरांना शाळेच्या ओट्यावर सोडून गेल्या, एकीने जाताना माझ्याकडे मुलाच्या खोकल्याचं औषध दिलं. त्या वर्षी बहुतेक वर्ग मार्चपर्यंत जागेवर होता. फेब्रुवारीत मी तिसरीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला धडा उघडून दिला आणि ती एकामागून एक वाचत गेली. खोली तीच होती, फळा तोच होता, आणि शिकवणारा मीच होतो.