घरच्या घरी जडावकाम

जडावकामाला, म्हणजे कोरलेल्या खाचांत दुसरा माल बसवायला, बाजारातून काही आणावं लागत नाही, घरातल्या वस्तूंवरच भागतं, असं सांगणारा माणूस एकटा राहत असणार. चार माणसांच्या घरात बेवारस अशी एकही वस्तू नसते. हळदीचा डबा बायकोचा, खलबत्ता आणि काकणांची पेटी आईची, नेलपॉलिश काढायची बाटली लेकीची. माझ्या मालकीचा फक्त बांबू होता.

तोसुद्धा दाजींमुळं. जुळे सोलापुरात त्यांचं नवं घर झालं, वास्तुशांती मे महिन्यात धरली. दाजींकडं बीदरहून आणलेली एक बिदरी फुलदाणी आहे. काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बसवलेली. तो काळा रंग बीदरच्या किल्ल्यातल्या मातीनं येतो, हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मी तर घरचाच, त्यामुळं मला चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर एकदा सांगतात. भुईकोट किल्ला आपल्याकडंही आहे, पण तिथली माती खरवडायला गेलो तर नोकरीवर यायचं. म्हणून ठरवलं, बांबूवर कोरीव काम करायचं, खाचांत रंगीत भुकटी भरायची आणि दाजींना अस्सल घरगुती फुलदाणी द्यायची.

बुरुडाला म्हटलं, "एक पेर द्या."

"पेर? ऊस वाटला का वो तुमाला?" म्हणत त्यानं अख्खा कळक माझ्या गळ्यात घातला. वर सल्ला दिला, "ताजा हाय. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, न्हाईतर भुंगा लागंल."

सल्ला खरा आहे. बांबूत पिष्ट असतं, भुंगा त्यासाठीच येतो, आणि पाण्यात ठेवलं की ते बरंचसं निघून जातं. पण ज्या गावात नळाचं पाणी येणार म्हणून लोक कामावर रजा टाकतात, तिथं बांबूला अंघोळ घालायची म्हणजे घरात बंड. बांबू कोरडाच राहिला.

सोलापुरात खांद्यावर बांबू घेतलेल्या माणसाला मान आहे, पण जानेवारीत. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा ती उंच काठी पेलणाऱ्याला गर्दी आपणहून वाट देते. एप्रिलमध्ये तोच बांबू दिसला की कोपऱ्यावरचे काका आवाज खाली आणून विचारतात, "कोण गेलं वो?" मी म्हटलं, कुणी नाही, फुलदाणी करायचीय. त्यांचा चेहरा जरा पडलाच.

बांबू हे वनस्पतिशास्त्राप्रमाणं गवत आहे. माझ्या पटाशीला ते कुणी कळवलं नव्हतं. सालीत सिलिका असते, त्यामुळं धार वीतभर रेघेत संपते. वरचा मेणचट थर खरवडल्याशिवाय गोंद धरत नाही. आणि आतले धागे सगळे उभे. मला वेल काढायची होती. वळण द्यायला पटाशी फिरवली की ती धागा पकडून सरळ तळाकडं पळायची. शेवटी वेल रद्द केली आणि इरकलीचा काठ घेतला: उभ्या-आडव्या रेघा, मधे त्रिकोण. कलेच्या दृष्टीनं हा निर्णय योग्यच होता. खाचा तळाशी किंचित रुंद ठेवल्या, म्हणजे भरलेला माल निसटत नाही. इथवर सगळं शांततेत पार पडलं. खाचा माझ्या होत्या. त्यात भरायचं ते दुसऱ्यांचं होतं.

पांढऱ्यासाठी अंड्याच्या कवचाला तोड नाही. व्हिएतनाममध्ये लाखेच्या कामात ते बसवतात. पण व्हिएतनामच्या कारागिरांना आमची आई भेटलेली नाही. घरात अंडं हा शब्दसुद्धा वर्ज्य. संध्याकाळी अंडाभुर्जीच्या गाडीवर गेलो.

"अंडी नकोत. नुसती टरफलं द्या."

गाडीवाल्यानं उलथनं थांबवलं. "काय करालाव वो? करणी-बिरणी?"

"जडावकाम."

"तेच की," म्हणत त्यानं पिशवी लांबूनच पुढं केली. त्यानंतर त्या गाडीवर मला कधी थांबावं लागलं नाही. मी दिसताच लोक बाजूला होतात. टरफलाच्या आतला पापुद्रा भिजवून, चोळून काढावा लागतो. ते काम गच्चीत, पाण्याच्या टाकीमागं, रात्री उरकलं.

सोनेरीसाठी चावीवाल्याकडचा पितळेचा कीस आणला. या साऱ्या व्यवहारात एवढा एकच माणूस काही न विचारता देता झाला, कारण तो माझ्या घरचा नव्हता.

हिरवा रंग आईच्या पेटीतल्या फुटक्या काकणांतून घ्यायचा होता. नाकाला फडकं बांधलं आणि काच कुटायला खलबत्ता घेतला. याच खलबत्त्यात आमच्या घरची शेंगाचटणी कुटली जाते, तेल सुटेपर्यंत. आई दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. खलबत्ता त्या क्षणी माझ्या नावावर झाला, आणि नव्या खलबत्त्याचे पैसेही.

पिवळ्यासाठी हळद. खाचेत हळद आणि खायचा सोडा दाबायचा, वर नळीतला झटपट गोंद सोडायचा. सोड्यामुळं तो तिथल्या तिथं दगड होतो. एप्रिलातलं सोलापूर, बोटं घामानं ओली. सोडा ओला झाला आणि हळद डोळ्यांदेखत तांबडी पडली. बायकोनं मागून वाकून पाहिलं. "क्षार पडला की व्हायचीच लाल. कुंकू असंच तर करतात." मग म्हणाली, "हा पाव किलोचा डबा होता ना?"

ओघळलेला गोंद पुसायला जुना सोलापुरी टॉवेल घेतला. शुद्ध सुती. हा गोंद सुताला लागला की तापतो, इतका की टॉवेलमधून धूर निघाला. मी तो फेकून दिला असता, पण तो बोटांना चिकटला होता. लेकीनं नेलपॉलिश काढायची बाटली आणली, झाकण उघडलं आणि आधी दर सांगितला. बोटं अडकलेली असताना घासाघीस करता येत नाही.

घासून, पॉलिश करून फुलदाणी मात्र देखणी झाली. वास्तुशांतीला दाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली, तळाशी किमतीची चिठ्ठी शोधली, आणि बिदरीच्या शेजारी ठेवली. शेजारी! मी चहा दोनदा घेतला.

श्रावणात त्यांचा फोन आला.

"काय वो, फुलदाणीखाली रोज पिवळसर भुकटी पडालीय. बारीक, पिठासारखी. बहीण तुमची दोनदा पुसते. हे असंच असतंय का?"

"असंच असतं," मी म्हटलं. "पण दाजी, ती फेकू नका. बाटलीत भरून ठेवा. पुढच्या कामाला अगदी तोच रंग पाहिजे होता."